नारळी पुनवेला तीन मार्क

सरांना आमची नावं कधीच पाठ झाली नाहीत. खरं तर त्यांनी होऊच दिली नाहीत. पहिल्या दिवशी मी दारात उभी, चपला कुठे काढायच्या ते शोधतेय, तेवढ्यात आतून आवाज आला, "कुठून येतेस?" मी बोलले, कोपरवरून. "ये कोपर, बस." संपलं. त्यानंतर त्या घरात मी कोपरच होते. एक मुलगा खडवलीवरून यायचा तो खडवली, एक ठाकुर्ली. डोंबिवलीचे दोघं होते म्हणून एक डोंबिवली ईस्ट, एक डोंबिवली वेस्ट. वेस्टवाल्याच्या घरच्यांनी मध्येच ईस्टला फ्लॅट घेतला तर सर बोलले, "आता नाव बदलणार नाही. तू वेस्टच."

माझ्या आईने एकदा फोन केलेला, मुलगी पोचली का विचारायला. माझं नाव सांगितलं तर सर शांतपणे बोलले, "या नावाचं इथे कोणीही येत नाही." आईचं काय झालं असेल विचार करा! नशीब काकू आतून ओरडल्या, "अहो, कोपर! कोपर विचारतायत!" मग सर, "अच्छा, कोपर होय. ती कधीच पोचली."

काकू म्हणजे सरांची बायको. त्यांचं सांगते, सगळं त्यांचंच सांगायचंय. पण आधी सर.

क्लास कल्याणला होता, फुलबाजाराच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये. सतरंजी, एक पांढरा फळा, आणि सर. इस्त्रीची पँट, शर्ट इन केलेला, स्वतःच्याच घरात. आम्ही सगळे इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं, नोकरीसाठी कंपन्यांच्या कोडिंग टेस्ट क्रॅक करायला आलेलो. आणि त्या टेस्टमध्ये एक प्रकार असतो तो सगळ्यांच्या डोक्याला शॉट लावतो, डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. नाव ऐकूनच पोरं पेपर सोडायची. सर तेच शिकवायचे. फक्त तेच. बाकीचं बोलायचे, "कुठेही मिळेल."

आणि शिकवायचे कसं? शेंगदाण्यांनी.

पहिल्याच दिवशी सतरंजीवर तीन वाट्या ठेवल्या. एकीत आठ दाणे, एकीत दहा, एकीत आठ. नियम एकच. एक वाटी उचलली की तिच्या शेजारची उचलायची नाही. "सगळ्यात जास्त दाणे कसे मिळतील? ठाकुर्ली, उचल." ठाकुर्लीने झडप घालून दहाची उचलली. सर एवढे खूश झाले ना, टाळीच वाजवली. "हावरट! मधली घेतलीस, दोन्हीकडच्या गेल्या. दहा मिळाले. कडेच्या दोन घेतल्या असत्यास तर सोळा."

ठाकुर्ली बोलला, "सर, मला दहा पुरेत. ॲसिडिटी आहे."

मग वाट्या वाढत गेल्या. अख्ख्या हॉलभर, पार चपलांच्या रॅकपर्यंत. आता कुठल्या घ्यायच्या? एवढी जुळवाजुळव करत बसलात तर जन्म जाईल. सर बोलले, करायची गरजच नाही, रांगेवरून एकदा चालत जा. प्रत्येक वाटीपाशी थांबा आणि दोनच गोष्टी बघा. ही सोडली तर मागच्या वाटीपर्यंत जेवढे जमले तेवढेच राहतात. ही उचलली तर हिच्यातले दाणे, अधिक एक वाटी सोडून तिच्या मागपर्यंत जमलेले. दोन्हीत जे मोठं ते चिठ्ठीवर लिहा, वाटीखाली सरकवा, पुढे चला. मागे वळून परत मोजायचं नाही. शेवटच्या वाटीखालची चिठ्ठी म्हणजे उत्तर.

मला ते कळलं तेव्हा अक्षरशः अंगावर काटा आला. मी ओरडलेच, "म्हणजे दहा हजार वाट्या असल्या तरी एकदाच चालायचं?" सर बोलले, "कोपर, तुझी गाडी सुटली बघ." त्यांच्याकडची ही सगळ्यात मोठी शाबासकी.

आतून काकू, "दाणे सगळे उचला हां, मुंग्या येतात!"

एकदा मोजलेलं परत मोजायचं नाही हा त्यांचा फक्त वर्गातला नियम नव्हता, ते जगायचेच तसे. किचनच्या टाइल्सवर मार्करने लिहिलेलं असायचं, सहा पोरांना चहा म्हणजे पाणी किती, साखर किती, आठ पोरांना किती. एकदा करून बघितलंय, कशाला परत अंदाज घ्यायचा? एकदा काकूंनी नवी साडी नेसून विचारलं, "कशी दिसते?" सर फळ्यावरून नजर न काढता बोलले, "या रंगाचं उत्तर दिलंय मी. तुझ्या भाच्याच्या बारशाला." आम्ही हसून हसून मेलो. काकू पण हसल्या. बोलल्या, "बघा रे पोरांनो, कोणाबरोबर संसार केला मी."

काकू ठाण्याच्या. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. सर देशावरचे, शाकाहारी, कांद्यालासुद्धा विचार करून हात लावणारे. कॉलेजला असताना ते कोळीवाड्यात खोली घेऊन राहायचे, घरमालकाची मुलगी म्हणजे काकू. दोन्ही घरांत किती बोंबाबोंब झाली असेल ती झाली. आता हे शाकाहारी गृहस्थ दर रविवारी बायकोसाठी कोळंबी सोलायचे. ती पण त्यांच्या पद्धतीने, आधी सगळ्यांची डोकी, मग सगळ्यांची सालं, मग सगळे धागे. काकू पलंगावरून बघायच्या आणि बोलायच्या, "माझ्या आयशीने बघितलं असतं तर तिने टोपलीच फेकून मारली असती. पाटी संपेपर्यंत बाजार उठेल."

पलंगावरून, कारण काकूंचं हृदय कमजोर झालेलं. पंपिंग खूप कमी. एक दिवस बाहेर जाऊन आल्या की दुसऱ्या दिवशी पाय सुजायचे, धाप लागायची, उठवायचं नाही. एकदा सलग दोन दिवस बाहेर पडल्या आणि तिसऱ्या दिवशी थेट आयसीयू. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं, बाहेर न्यायला हरकत नाही, घरात कोंडून ठेवू नका, पण एक दिवस बाहेर तर दुसरा दिवस पूर्ण आराम. सलग दोन दिवस नको. कधीच नको.

दुसरा कोणी असता तर रडला असता. सर हॉस्पिटलमधून आले आणि आम्हाला बोलले, "हे तर वाट्यांचंच गणित आहे."

मला तेव्हा कसंतरीच वाटलेलं. पण नंतर कळलं, तो माणूस घाबरलेला. भयंकर घाबरलेला. आणि त्याच्या हातात एवढीच एक गोष्ट होती जी त्याला नीट येत होती.

तर त्यांनी फळ्याच्या वरच्या बाजूला महिन्याचे दिवस ओळीने लिहिले. प्रत्येक दिवशी कुठे जाता येईल ते खाली. बारसं, देऊळ, मैत्रिणीकडे चहा, नुसतं तलावावर बसणं. प्रत्येकाला दहापैकी मार्क. शेजारशेजारचे दोन दिवस घ्यायचे नाहीत. मग एकूण आनंद जास्तीत जास्त कसा होईल ते काढायचं. आधी मार्क सर स्वतःच द्यायला गेले. त्यांच्या वहिनींकडच्या भजनाला नऊ दिले तर काकू एवढ्या हसल्या की खोकला लागला. "अहो, जायचंय मला ना? मग मार्क मी देनार."

तेव्हापासून हा कार्यक्रम सुरू झाला. वर्ग सुरू व्हायच्या आधी सर मार्कर घेऊन फळ्यापाशी, काकू आत पलंगावर, दार उघडं.

"बुधवारी शेजारचं हळदीकुंकू. किती?"

"चार."

"चारच?"

"ती चहात पानी घालते."

"शुक्रवारी तुझ्या मैत्रिणीकडे?"

"आठ! नाय, साडेसात. तिची सून असेल."

आम्ही खाली बसून बेट लावायचो. मजा यायची, खोटं कशाला बोलू. सर आमच्यासमोर गणित सोडवायचे, उत्तर आलं की त्या दिवसांना गोल करायचे, आणि ते गोल म्हणजे गोल. काकूंना ते स्वतः रिक्षाने घेऊन जायचे, पाण्याची बाटली, गोळ्या, बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं मशीन. आणि परत येताना त्यांचा चेहरा असा, जसं काही बोर्डात आलेत.

एक गंमत व्हायची. आमचा वर्ग मंगळ, गुरु, शनि. आणि काकूंचे आरामाचे दिवस, उत्तरात, जवळजवळ नेहमी मंगळ, गुरु, शनि यायचे. एकही वर्ग बुडाला नाही. ठाकुर्ली एकदा बोललाच, "सर, उत्तर एकदम आपल्या सोयीचं येतं हां. काहीतरी सेटिंग वाटतं."

सर बोलले, "उत्तर सोयीचं आलं म्हणून चुकीचं नसतं."

"पण सर, इनपुटच चुकीचं असेल तर?"

"परीक्षेत इनपुटवर शंका घ्यायची नाही. दिलंय ते खरं धरायचं. प्रश्न विचारणारा खोटं कशाला बोलेल?"

श्रावण लागला. काकूंचं बोलणं हळूहळू खाडीकडे वळायला लागलं. मी पाणी प्यायला आत गेले की हाताला धरून बसवायच्या. नारळी पुनवेला त्यांच्या वाड्यात सगळ्या होड्या सजवतात, नारळाला सोनेरी कागद लावतात, बायका सगळ्या एकसारख्या साड्या नेसून वाजतगाजत जातात आणि नारळ खाडीला देतात. त्याच दिवशी राखी. काकूंचा एकच भाऊ, धाकटा, अजून होडी चालवतो. "माझा बाप गेला खाडीत," त्या एकदा बोलल्या, अगदी सहज. "आय सांगायची, नारल देताना नाव घ्यायचं, म्हंजे पोचतं त्याला." आजारपणामुळे दोन पुनवा हुकलेल्या. "या वर्षी जाईन म्हनते," बोलल्या. मग लगेच, "बघू."

त्या वर्षी पौर्णिमा आली शनिवारी. आणि रविवारी आमची एका मोठ्या कंपनीची ऑनलाइन टेस्ट. शनिवारी सकाळी सरांनी सराव परीक्षा ठेवलेली, तीन तासांची, स्वतः पेपर काढलेला. खडवली तर त्या टेस्टवरच जगत होता. त्याच्या वडिलांचं काम सुटलेलं, सगळं घर त्याच्याकडे डोळे लावून.

सरांनी मार्क विचारायला सुरुवात केली.

"शुक्रवारी डोंबिवलीला वहिनींकडे सत्यनारायण. किती?"

"सात."

"शनिवारी नारळी पौर्णिमा. ठाणे."

आतून जरा वेळ काही नाही. मग, "तीन."

सरांनी तीन लिहिले. उत्तर काढलं. शुक्रवारला गोल, शनिवार आराम. ठाकुर्ली हळूच "येस्स" बोलला, सराव परीक्षा वाचली म्हणून. आम्हाला कोणालाच काही खटकलं नाही. आकडा आला, लिहिला गेला, झालं.

शुक्रवारी काकू पूजेला जाऊन आल्या.

शनिवारी सकाळी आम्ही लॅपटॉप उघडून बसलेलो. सर घड्याळाकडे बघून "सुरू करा" बोलणार तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न. लांबलचक. आणि दारातून एक माणूस आत. लाल टोपी, कमरेला कोळी रुमाल, नवा कडक शर्ट, घामाने चिकटलेला. काकूंचा भाऊ. आम्ही त्यांना मामा बोलायचो, माशांचा डबा घेऊन यायचे कधीकधी. आज हातात डबा नव्हता.

"माझी बहीन कुठं हाय?"

"आराम करतेय," सर बोलले. "काल बाहेर जाऊन आली. मी फोनवर सांगितलं ना तुला."

"काय सांगितलंस? तीन मार्क भेटले म्हनून सांगितलंस! राखीच्या दिवशी बहीन नाय येत कारन तीन मार्क भेटले?"

"मी नाही दिले. तिनेच दिलेत. हे बघ." सरांनी फळ्याकडे हात केला. त्यांना खरंच वाटत होतं की फळा बघितला की विषय संपेल.

मामांनी फळा बघितला. वरपासून खालपर्यंत. शुक्रवार बघितला, शनिवार बघितला. आणि आवाज एकदम खाली आला त्यांचा. तो जास्त लागला.

"दाजी, तू एवढा शिकलेला मानूस. पूजेच्या शिऱ्याला सात, नि नारली पुनवेला तीन. कुठली कोल्याची पोर पुनवेला तीन मार्क देल? जगात हाय का कोन तशी? मना दाखव."

मी सरांकडे बघत होते. त्यांचा चेहरा असा झाला, कसं सांगू, वर्गात एखाद्याचा प्रोग्रॅम मस्त चालत असतो आणि एकदम कळतं की पहिल्या ओळीतच चूक होती, तसा. ते फळ्यावर मागे मागे बघत गेले. सगळे मंगळ. सगळे गुरु. सगळे शनि.

मग आत गेले. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"पुनवेला किती मार्क?"

"दिले ना. तीन."

"खरे."

"अहो, पोरांची परीक्षा हाय उद्या. तो खडवलीचा पोरगा..."

"मी परीक्षेचं विचारलं नाही. खरे किती?"

काकू त्यांच्या ठेठ घरच्या भाषेत बोलल्या, सरांशी त्या भाषेत बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "दहात नाय बसत तो दिस." आणि मग एकदम बांध फुटल्यासारखं, "मना जावाचं हाय हो. मना बाबाला नारल देवाचा हाय."

सर बाहेर आले. फळ्यासमोर उभे राहिले, मार्कर हातात. मला कळत होतं ते काय करतायत. तिनाच्या जागी काहीही लिहा, दहा लिहा, शंभर लिहा, उत्तर बदलत नव्हतं. शुक्रवार घेऊन झालेला. शेजारचा दिवस घ्यायचा नाही. सलग दोन दिवस म्हणजे काय होतं ते त्यांनी एकदा आयसीयूच्या बाहेर बसून बघितलेलं.

"आधी सांगितलं असतंस," ते फळ्याशीच बोलले, "तर शुक्रवार सोडला असता."

मग खडवली उठला. हा मुलगा तोंड उघडायचा नाही कधी, वर्षभरात मी त्याची दहा वाक्यं ऐकली नसतील. बोलला, "सर, पेपर आम्ही देतो आमचा आमचा. मी वेळ लावतो. तुम्ही जा."

सरांनी मार्करला टोपण लावलं. बोलले, "कोपर, औषधांची पिशवी घे. तू चल."

टेम्पो धुतलेला होता, पताका लावलेल्या, तरी माशांचा वास होताच. काकू पुढे मामांच्या शेजारी, त्यांना धरून सर, मी मागे. काकूंनी तिथेच, रस्त्यातच, सिग्नलला मामांना राखी बांधली. मामा रडत होते आणि मागच्या रिक्षावाल्याला शिव्या पण देत होते.

खाडीवर मी पहिल्यांदा गेले. ढोल, बेंजो, बायकांचा नुसता रंग. काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, आणि काय सांगू, ज्या बाईला पलंगावरून उठताना धाप लागायची ती खुर्चीत बसून नाचत होती, हातांनी. बायका येऊन येऊन गाल ओढत होत्या. "कवा आलीस गो? किती सुकलीस!" कोणी डोक्यात गजरा घातला. सर बाजूला उभे, एक हात खुर्चीला, नजर काकूंच्या बोटावरच्या त्या मशीनवर. आकडा बघतायत. खाली आला की ओठ घट्ट.

काकूंनी ते मशीन बोटावरून काढलं आणि सरांच्या शर्टाच्या खिशात टाकलं. "बघा की जरा इकडे," बोलल्या. "खाडी बघा. वीस वर्षं झाली लग्नाला, तुम्ही कवा बघितली का नीट?"

मग नारळ द्यायची वेळ झाली. काकूंना शेवटच्या पायरीपर्यंत जायचं होतं. मामा आणि सर, दोघांनी खुर्ची उचलली. पायऱ्या शेवाळलेल्या, सरांची ती इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. काकूंनी नारळ दोन्ही हातांनी पाण्यात सोडला आणि वडिलांचं नाव घेतलं. मोठ्याने. एवढा आवाज त्यांच्यात कुठून आला कळलं नाही. नारळ गेला हळूहळू, सोनेरी, बाकीच्या नारळांमध्ये मिसळला. काकू बोलल्या, "पोचला."

सर रडत होते. पाण्यात उभे राहून, खुर्ची दोन्ही हातांनी धरलेली, त्यामुळे पुसता पण येईना.

रविवारी आमची टेस्ट झाली. त्याच दिवशी दुपारी काकूंना ॲडमिट केलं.

गणपतीच्या आधी गेल्या त्या. मधल्या दिवसांत एकदा घरी आणलेलं, पण मग परत. मी भेटायला गेले तेव्हा मास्क लावलेला, बोलता येत नव्हतं, फक्त हात दाबला माझा. खडवलीचं सिलेक्शन झालेलं, ते मी कानात सांगितलं. डोळ्यांनी हसल्या.

नंतर घरात लोक बसायला आले तेव्हा सरांच्या वहिनी सगळ्यांसमोर बोलल्या, "डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, सलग दोन दिवस न्यायचं नाही. हे एवढे हिशोबी, यांना कळू नये?" मामा ताडकन उठले, सरांनीच त्यांचा हात धरून खाली बसवलं. डॉक्टर म्हणे बोललेले की तसंही फार दिवस नव्हते. पण फार म्हणजे किती, ते कोण सांगणार? एक महिना? पुढच्या वर्षीची पुनव?

क्लास बंद झाला. सरांनी प्रत्येकाला स्वतः फोन करून सांगितलं. मला बोलले, "कोपर, आता तुला येतं. बाकीचं कुठेही मिळेल." फळा खडवलीला देऊन टाकला, त्याचा धाकटा भाऊ शिकतोय म्हणून.

मी नोकरीला लागले, ऐरोलीला. बरेच महिने गेले. जाईन जाईन म्हणत होते. गेल्या महिन्यात एका रविवारी गेलेच. दार सरांनी उघडलं. शर्ट बाहेर. दाढी वाढलेली. पण "ये कोपर" तसंच.

मी चहा केला. उगाच बडबडत होते, ऑफिस, मॅनेजर, कँटीन, काहीही. मग राहवलं नाही, बोलून टाकलं. "सर, तुम्ही नेलंत ते बरोबरच केलंत. मी होते तिथे. मी बघितलंय काकूंना."

सर कपाकडे बघत बोलले, "सगळे तेच सांगतात. नाहीतर उलटं सांगतात. नेलं ते बरोबर, नेलं ते चूक. त्याचं उत्तर मला कधीच येणार नाही गं, आणि मी ते शोधत पण नाही." कप बाजूला ठेवला. "मला दुसरंच खातं. मी तिला रोज विचारायचो, किती मार्क. कोणता नवरा विचारतो एवढं? मला अभिमान होता. आणि ती सांगायची, मी लिहायचो. फळा या भिंतीवर, ती त्या खोलीत. म्हणजे प्रत्येक वेळेला माझी पाठ होती तिच्याकडे."

मी त्या भिंतीकडे बघितलं, फळ्याचे खिळे तेवढे उरलेले.

"तिला खोटं बोलता यायचं नाही, कोपर. साधं मीठ संपलंय की आहे, यात पण पकडली जायची. खोटं बोलली की डावीकडे बघायची आणि पदराशी चाळा करायची, लग्नाच्या आधीपासून. मला ठाऊक होतं ते. एकदा मान वळवली असती तर कळलं असतं. एवढ्या महिन्यांत एकदा. मी आकडा ऐकला की खूश व्हायचो."

बाहेर फुलवाल्यांची आवराआवर चाललेली. मी कप धुतले, पुसले, टाइल्सवर चहाचं माप अजून होतं, सगळ्यात वरच्या ओळीत दोघांचं. मी तिकडे फार वेळ बघितलं नाही.

निघताना सर दारापर्यंत आले. मी चप्पल घालत होते. बोलले, "पुढच्या रविवारी येशील?"

माझ्या तोंडावर "हो सर" आलेलंच. एकटे आहेत, बिचारे, काय जातंय हो बोलायला. मी वर बघितलं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. नुसतं बघत नव्हते, चष्मा काढून, पुढे वाकून, अगदी जवळून. मला माझे हात कुठे ठेवायचे कळेना.

"नाही सर," मी बोलले. "पुढच्या रविवारी मैत्रिणीचं लग्न आहे पनवेलला. मला जायचंय. खूप दिवस वाट बघतेय मी त्याची."

"मग जा," सर बोलले. आणि त्यांचे खांदे एकदम सैल झाले, जसं कोणीतरी हातातलं जड काहीतरी काढून घेतलं. "जा. बरं झालं सांगितलंस."

"त्याच्या पुढच्या रविवारी येते."

त्यांनी परत बघितलं. नीट, वेळ घेऊन.

"हो," बोलले. "येशील."